ढोलकी कोणाची? सातारा-सांगलीच्या लोकसंगीताचा सांस्कृतिक विचार

लोकप्रिय संगीताचा इतिहास म्हणजे गायकांची चरित्रे व गाण्यांची यादी, असा आपल्याकडे समज आहे. सांस्कृतिक विचार निराळे प्रश्न विचारतो: वाद्य कोणी वाजविले, नाव कोणाचे झाले, आणि तीच चाल पुढे कोणाच्या हाती गेली? अंतोनिओ ग्राम्शी यांच्या मते प्रस्थापितांचे धुरीणत्व केवळ बळावर नव्हे, तर शासितांच्या संमतीवरही उभे असते. ही संमती घडते व मोडते ती संस्कृतीच्या क्षेत्रात. प्रा. शर्मिला रेगे यांनी लावणी व पोवाड्याचा विचार याच दिशेने केला. ही दृष्टी घेऊन आम्ही सातारा-सांगलीकडे पाहतो. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता.

वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांचे गाव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मण तरुण तमाशात शिरला व शाहिरांचा मुकुटमणी ठरला. त्यांच्या लावण्यांना जिने रंगमंचावर रूप दिले, ती पवळा महार समाजातील. बापूरावांचे जाती सोडणे हा त्यागाचा विषय झाला. पवळेची कला मात्र तिच्या जातीचा स्वभावधर्म मानली गेली. एकाच फडातील दोघांचे हे दोन न्याय होत. बापूरावांनी चळवळीस तमाशाचे उत्पन्न देऊ केले आणि स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. हा नकार कलेला नव्हता. ज्या व्यवस्थेत अस्पृश्य स्त्रीचे शरीर हीच कलेची किंमत ठरते, त्या व्यवस्थेला होता.

दुसरी वाट सत्यशोधक जलशांची. १९२०च्या सुमारास सातारा जिल्ह्यात कुळांचा असंतोष पेटला, तेव्हा या जलशांनी तमाशाचाच साचा घेऊन भटशाही व सावकारीवर प्रहार केला. गेल ऑम्वेट यांनी १९७६च्या आपल्या ग्रंथात या सांस्कृतिक बंडाचा इतिहास मांडला. पुढे वाळवे तालुक्यातील कासेगाव हीच त्यांची कर्मभूमी झाली. जलशाचा हाच वारसा आंबेडकरी जलशांनी पुढे नेला.

वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) मातंग समाजात जन्मले. ज्या समाजावर हलगी वाजविण्याचे काम गावकीने लादले, त्यातूनच हा शाहीर आला. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गणातील देवस्तुती व गौळण त्यांनी बाजूस सारली आणि ‘मुंबईची लावणी’मध्ये शृंगाराच्या जागी श्रमिकांचे शहर उभे केले. लादलेले वाद्य येथे निवडलेले शस्त्र झाले.

दीक्षेनंतर अनेक गावांत आपल्या बांधवांनी गावकीची वाजपाची कामे सोडली, तरी गाणे सोडले नाही. या दोन गोष्टींत आम्हांस विसंगती दिसत नाही. त्याग होता तो लादलेल्या सेवेचा. स्वीकार होता तो स्वतःच्या आवाजाचा.

तरीही एक ऋण उरते. जलशाच्या नव्या मंचावर तमाशातील स्त्री क्वचितच आली. शैलजा पाईक यांच्या २०२२च्या ग्रंथाने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. समतेचा धम्म स्वीकारणाऱ्यांनी बापूरावांच्या शेजारी पवळेचे नाव, केवळ सौंदर्यासाठी नव्हे तर कलावंत म्हणून, लिहिले पाहिजे. तोवर आपला संगीताचा इतिहास अपुराच राहील.