नांदेड-लातूर परिसरातील महाविद्यालयीन साहित्यव्यासपीठ आणि लोकसंवाद : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

महाविद्यालयाचे वाङ्मय मंडळ म्हटले की उद्घाटन, पाहुण्या साहित्यिकाचे व्याख्यान, भित्तिपत्रकाचे प्रकाशन आणि आभारप्रदर्शन असा ठरलेला क्रम डोळ्यांसमोर येतो. मराठवाड्यात मात्र या व्यासपीठामागे एक वेगळी ऐतिहासिक गरज होती. ती ध्यानात घेतल्याशिवाय येथे येणारे साहित्यिक आणि त्यांना ऐकणारा समाज यांचे नाते उलगडत नाही. प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या नात्याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा परिस्थितीत १९४३ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा साहित्य परिषदेच्या कार्याला वाङ्मयाइतकाच भाषिक अस्तित्वाचा अर्थ होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला आणि १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. मातृभाषेतून विचार करण्याची सवय सार्वजनिक जीवनात रुजविणे हे अशा संस्थांपुढील कार्य होते. ते केवळ वर्गातील अध्यापनाने साधणारे नव्हते.

कुरुंदकर आणि यजमान वाचक

या कार्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२). नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, पुढे पीपल्स कॉलेजमध्ये मराठीचे प्राध्यापक व नंतर प्राचार्य असा त्यांचा प्रवास झाला. साहित्यसमीक्षा, इतिहास, धर्मचिकित्सा, राजकारण व संगीत असे अनेक विषय त्यांनी सामान्य श्रोत्यांपुढे मांडले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी तत्कालीन औरंगाबाद येथे एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले.

रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीची कुरुंदकरांनी लिहिलेली प्रस्तावना मुळात लेखकाला लिहिलेले एक प्रदीर्घ पत्र आहे. नांदेडसारख्या गावातील अध्यापकाशी एका नामवंत कादंबरीकाराने असा संवाद करावा, याचे कारण त्या अध्यापकाच्या चिकित्सक वाचनात आहे. साहित्यिकाला निमंत्रण देणे सोपे असते; त्याच्याशी आदराने मतभेद व्यक्त करू शकणारा यजमान वाचक घडविणे अवघड असते. शंकर पाटील यांच्या अध्यक्षतेखाली १९८५ मध्ये नांदेडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा या गावाला वैचारिक व्याख्यानांची अशी परंपरा लाभलेली होती.

उदगीरचा अनुभव

लातूर जिल्ह्यातील उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. मराठी, कन्नड व उर्दू या भाषा येथे शेजारी नांदतात. एप्रिल २०२२ मध्ये पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली याच गावी झाले. त्याचे यजमानपद महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाने सांभाळले. महानगरांपासून दूरच्या महाविद्यालयाने एवढा भार पेलणे ही उल्लेखनीय बाब होय.

त्याच सुमारास उदगीरमध्येच सोळावे विद्रोही साहित्य संमेलनही भरले. साहित्याच्या मंडपात कोणाला स्थान मिळते आणि कोण बाहेर राहतो, हा प्रश्न त्यामुळे त्या गावातच उभा राहिला. यास केवळ दुफळी म्हणणे योग्य नाही. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एकाच गावात दोन भूमिका ऐकण्याची व तुलना करण्याची ती दुर्मिळ संधी होती.

समारोप

नांदेडचा अनुभव वाचकाच्या तयारीचे महत्त्व सांगतो, तर उदगीरचा अनुभव व्यासपीठाच्या व्यापकतेचे. या दोहोंची सांगड घालणे हे आज वाङ्मय मंडळाचे काम ठरते. पाहुण्याचे पुस्तक आधी वाचले जावे, व्याख्यानानंतर प्रश्नांसाठी पुरेसा वेळ राखावा, गावातील शेतकरी, शिक्षक, ग्रंथपाल व महिला यांना श्रोते म्हणूनच नव्हे, तर प्रश्नकर्ते म्हणूनही बोलवावे, यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. गरज आहे ती वाचणाऱ्या अध्यापकाची. तो नसेल तर थोर साहित्यिकाची भेटही अहवालातील एक नोंद होऊन राहते.