व्हिएतनामच्या भरभराटीचा आरंभ

व्हिएतनाम देशाच्या अलीकडील भरभराटीचा आरंभ डिसेंबर १९८६ मध्यें भरलेल्या साम्यवादी पक्षाच्या सहाव्या अधिवेशनापासून धरण्याचा प्रघात आहे. त्या अधिवेशनानें 'दोइ मोइ', म्हणजे नवीकरण, हें धोरण स्वीकारलें, ही गोष्ट निर्विवाद होय. परंतु ठरावाची तारीख हीच घटनेची जन्मतिथि मानणें आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं. वहिवाट आधीं पडते व सनद मागाहून मिळते, हें जुनीं दप्तरें चाळणाऱ्या वाचकांच्या परिचयाचेंच आहे. व्हिएतनामांतही तसेंच घडलें, असें आमचें मत आहे. त्याचीं प्रमाणें पुढीलप्रमाणें.

१९६० च्या सुमारास उत्तर व्हिएतनामांतील बहुतेक शेती सहकारी संस्थांकडे गेली. शेतकऱ्यास कामाचे गुण मिळत आणि सुगीनंतर त्या मानानें धान्य वांटलें जाई. आपल्या हातची मशागत चांगली झाली तरी पीक सर्वांत विभागलें जाई. सबब कामांत हयगय होऊं लागली. हें पाहून विन्ह फुक प्रांताचे पक्षचिटणीस किम न्गोक यांनीं सप्टेंबर १९६६ मध्यें प्रांतिक समितीचा ६८ क्रमांकाचा ठराव करविला. त्या अन्वयें कुटुंबास मक्त्यानें जमीन कसण्याची मोकळीक मिळाली. ठरलेलें उत्पन्न संस्थेस घालावें व वरकड आपण ठेवावें, अशी ती रीत होती.

१९६८ च्या अखेरीस पक्षाचे वजनदार पुढारी त्रुओंग चिन्ह यांनीं या रीतीवर कडक टीका केली व ती बंद पडली. किम न्गोक यांस आत्मदोष कबूल करावा लागला. ते १९७९ सालीं निवर्तले. तथापि रीत मेली नाहीं. पुढें हायफाँगकडील गांवांत असे मक्ते चोरून होऊं लागले. अखेर १३ जानेवारी १९८१ च्या १०० क्रमांकाच्या आदेशानें पक्षानें मक्त्यास मान्यता दिली.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. जुलै १९८६ मध्यें ले झुआन वारल्यावर त्रुओंग चिन्ह हेच सरचिटणीस झाले. त्या वर्षीं महागाई सातशें टक्क्यांवर गेली होती. सहाव्या अधिवेशनाचा अहवाल त्यांनींच नव्या दिशेनें लिहविला. ५ एप्रिल १९८८ च्या १० क्रमांकाच्या ठरावानें कुटुंब हाच शेतीचा मूळ घटक ठरला. आणि धान्य आयात करणाऱ्या या देशानें १९८९ सालीं सुमारें १४ लक्ष टन तांदूळ परदेशीं धाडला. १९९३ च्या कायद्यानें जमिनीची मालकी राज्याकडेच ठेविली, परंतु वार्षिक पिकांच्या जमिनीच्या वापराचा हक्क २० वर्षांचा करून तो वारशानें, हस्तांतरानें अथवा गहाणानें देण्याची मुभा दिली.

पुढील वाढीस इतर कारणेंही झालीं. १९८७ चा परकीय भांडवलाचा कायदा, १९९४ मध्यें उठलेली अमेरिकेची व्यापारबंदी व २००७ मधील जागतिक व्यापार संघटनेंतील प्रवेश यांनीं कारखानदारीस बळ दिलें. १९९३ सालीं शेंकडा ५८ लोक दरिद्री होते, ते २००८ पर्यंत शेंकडा १४ च्या आसपास आले. परंतु या इमारतीचा पाया भातखाचरांत आहे. म्हणून जो संशोधक केवळ अधिवेशनांचे अहवाल वाचील, त्यास या इतिहासाचा उत्तरार्धच कळेल. पूर्वार्धासाठीं गांवच्या मक्त्यांचे कागद व संस्थांच्या हिशेबवह्याच धुंडाळाव्या लागतील.