खांदेरीवर सिनेमा काढायचा झाला तर?

‘तान्हाजी’ (२०२०) बघून आल्यावर तुम्हीही फोनवर शोधलं असेल, ‘हे सगळं खरं आहे का?’ प्रश्न साहजिक आहे. पण संशोधनाला बसणार असाल तर तो जरा वेगळा विचारा: लढाई का झाली आणि कशामुळे जिंकली, याचं सिनेमातलं कारण आणि साधनांमधलं कारण एकच आहे का? त्या सिनेमाचं कथानक ‘नागीण’ नावाच्या अजस्र तोफेभोवती फिरतं. ही तोफ कल्पित आहे. प्रत्यक्षात १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कोंढाणा होता, आणि १६७० मध्ये तो परत घ्यायचा होता.

आता हाच प्रश्न घेऊन अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर या. समोर खांदेरी दिसते. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी माणसं घेऊन या बेटावर उतरला आणि तटबंदीचं काम सुरू झालं. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी, त्यामुळे इंग्रजांनी जहाजांचा वेढा घातला.

१८ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली. मराठ्यांनी ‘डव्ह’ हे गुराब पकडलं, पण केग्विनच्या ‘रिव्हेंज’ने एकटीने झुंजून मराठी गलबतं मागे हटवली. इंग्रजांनी हा आपला विजय मानला. तरीही १६८० च्या सुरुवातीला माघार त्यांनीच घेतली, बेट मराठ्यांकडेच राहिलं. असं कसं?

उत्तर इंग्रजांच्याच पत्रव्यवहारात आहे. वल्ह्यांवर चालणाऱ्या हलक्या होड्या रात्री वेढ्यातून निसटून बेटावर सामान पोचवत. वारा पडला की शिडांची मोठी जहाजं जागच्या जागी अडकत, होड्यांचं मात्र काही अडत नसे. विजयाचा दावा आणि होड्या हाती लागत नाहीत ही तक्रार, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मग कळतं, खांदेरी टिकली ती या खेपांवर.

सिनेमावाल्याला मात्र शेवटाला दणदणीत आरमारी लढाई हवी असणार. तो १८ ऑक्टोबर घेईल आणि त्यात मराठ्यांना जिंकवेल. पोशाख, शिडं, तोफा सगळं अचूक असेल, पण ज्यांनी बेट राखलं ते वल्हेकरी पडद्यावरून गायब होतील. केग्विनचं नाव कागदात आहे, मायनाकचंही आहे. वल्हेकऱ्यांची नावं नाहीत, त्यांचं काम तेवढं शत्रूच्या कुरकुरीत उरलंय. सिनेमाने तेही पुसलं तर त्यांच्यासाठी काहीच उरत नाही.

म्हणून एक काम करून बघा. आवडता युद्धपट घ्या, त्यात विजयाचं कारण काय दाखवलंय ते एका वाक्यात लिहा. मग त्या काळातलं एखादं साधन वाचून तेच वाक्य पुन्हा लिहा. दोन वाक्यं जुळली नाहीत की समजा, तुमच्या प्रबंधाचा पहिला प्रश्न सापडला.