ताकद आणि मदत

काही दिवसांपूर्वी एका कार्यक्रमात मी लेख वाचला. संपल्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ जवळ आले आणि प्रेमाने म्हणाले, "बाकी सगळं छान आहे. फक्त ते ताकद, हिंमत असले उर्दू शब्द जरा कमी करा."

मी मान डोलावली. घरी येताना लक्षात आलं, की त्यांच्याच वाक्यातले 'बाकी' आणि 'फक्त' अरबी आहेत. 'जरा' हा 'ज़र्रा' म्हणजे कण या अरबी शब्दातून आलेला आहे आणि 'कमी' फारसी आहे. हे शब्द ते लहानपणापासून बोलत आले, म्हणून ते त्यांचे झाले. मग ताकद तेवढी माझ्या नावावर का चढवली गेली?

'ताकद'चं मूळ अरबीत आहे. तिथे 'तौक' म्हणजे गळ्यात घालायचं कडं. त्याच धातूपासून 'ताका' हा शब्द झाला. मध्ययुगातले भाषापंडित राघिब अल-इस्फहानी यांनी कुरआनातल्या शब्दांचा 'मुफ्रदात' हा कोश लिहिला. त्यात ते सांगतात, की माणूस कष्टाने जेवढं करू शकतो तेवढ्या मापाला हा शब्द वापरतात. कडं जसं वस्तूला वेढतं तसं हे माप माणसाला वेढून असतं. म्हणजे ताकद या शब्दात बळ आहे आणि त्या बळाची हद्दही आहे.

कुरआनात सूरह बकरामध्ये हा शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा 'नाही'सोबत येतो. एकदा जालूतची फौज पाहून तालूतचे काही सैनिक कबूल करतात, की आज आपल्यात ताकद नाही. दुसऱ्यांदा शेवटच्या आयतीत, जिथे ताकदीबाहेरचं ओझं टाकू नकोस अशी दुआ आहे. रात्री झोपण्यापूर्वी अनेक घरांत ही आयत म्हटली जाते. दंड थोपटून दाखवण्याची ती ताकद नव्हे, सोसण्याची आहे. फारसीतही 'ताकत' म्हणजे मुख्यतः सहनशक्ती. आजच्या अरबीत मात्र वीज, तेल, सौरऊर्जा या सगळ्यांसाठी हाच शब्द चालतो. आपण जिथे ऊर्जा म्हणतो तिथे ते 'ताका' म्हणतात.

फारसीने शेवटचा 'त' उच्चारात पक्का केला, म्हणून उर्दूत 'ताकत' झालं. मराठीने त्याचा 'द' केला. गंमत अशी, की 'मदद' या अरबी शब्दाचं मराठीने नेमकं उलट केलं आणि 'मदत' बनवली. एकीकडे त चा द, दुसरीकडे द चा त!

माझ्यासाठी ही नुसती गंमत नव्हती. आमच्या घरी 'ताकत' आणि 'मदद' बोलत. चौथीत मी निबंधात तसंच लिहिलं आणि वही लाल शाईने भरून परत आली. वर्ग हसला. घरची भाषा म्हणजे बिघडलेली मराठी, असं त्या दिवशी मनात बसलं ते बरीच वर्षं निघालं नाही. आमच्या घरात मूळ रूप टिकलं होतं आणि मराठीने त्याच शब्दांना आपलं वळण दिलं होतं, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

भाषेतले परके शब्द काढण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात जुने आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. त्यात दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले होते. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. तिचे 'दिनांक', 'महापौर' आज आपण सगळेच आनंदाने वापरतो. पण कोल्हापूरच्या लाल मातीत उतरून पाहा. 'तालीम' म्हणजे अरबीत शिकवण. 'वस्ताद', 'पैलवान', 'कुस्ती' फारसी. पैलवान जे 'जोर' मारतो, तेही फारसी. त्याच तालमीत मारुतीची तसबीर असते आणि बलोपासना हा शब्दही तिथलाच. मातीत कोणी शब्दांची जात विचारत नाही.

उलट बाजूही आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. मराठी आपली नाही, असं आपल्यातही काही जण म्हणतात, त्यांनी हे विसरू नये.

परवा माझ्या मुलीने विचारलं, "अब्बा, मदद बरोबर की मदत?" मी म्हटलं, "घरी दादीशी बोलताना मदद म्हण, शाळेत मदत लिही. दोन्ही आपलेच."

आणि त्या गृहस्थांचा सल्ला? लेखातली ताकद मी तशीच ठेवली आहे.