कोठीचं मागचं अंगण

हैदराबादला ‘कोठी’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतात त्या बसगाड्या, जुन्या पुस्तकांची दुकानं आणि शेजारच्या सुलतान बाजारातली साड्यांची गर्दी. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना तिकडे नेतोच. पण ज्या कोठीवरून या भागाला हे नाव पडलं ती कोठी कुठली, हे फार थोड्या जणी विचारतात. ती आहे महिला कॉलेजच्या आवारात. इंग्रजांची रेसिडेन्सी. समोर सहा उंच खांब, रुंद दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बसलेले दोन सिंह.

जुन्या घराचा इतिहास आपण कसा सांगतो? कुणी बांधलं, कुणाच्या वाट्याला आलं, कुणी विकलं. म्हणजे कागदावर ज्यांची नावं असतात त्यांचा इतिहास. त्या घरात कोण नांदलं, कुणाची मुलं रांगली, कुणाला तिथून जावं लागलं, हे कागदावर नसतं. कोठीचंही तसंच आहे. रेसिडेंट साहेबांची यादी पुस्तकात क्रमाने मिळते. त्या यादीत नसलेल्या माणसांना, विशेषतः बायकांना, धरून या घराचा इतिहास सांगून पाहावा, असं मला फार दिवस वाटत होतं.

सुरुवात मात्र लढाईपासून करावी लागते. १७९५ साली खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. आपण शाळेत ही लढाई विजय म्हणून शिकलो. त्या विजयाचा एक परिणाम असा झाला, की घाबरलेला निजाम इंग्रजांच्या आणखी जवळ गेला. १७९८ साली निजाम अली खानाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. फौज इंग्रजांची, खर्च निजामाचा. हा करार घडवून आणणारा रेसिडेंट म्हणजे जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक. निजामाने त्याला ‘हशमत जंग’ असा किताब दिला होता. तो फारसी बोलायचा, घरात मोगली अंगरखा घालायचा.

त्याला नवी कोठी बांधायची होती. गोष्ट अशी सांगतात, की त्याने निजामापुढे जागेचा भलामोठा नकाशा ठेवला तेव्हा निजामाने नकार दिला. मग कर्कपॅट्रिकने तोच नकाशा पत्त्याएवढ्या कागदावर काढून आणला आणि निजामाने हसत मंजुरी दिली. खरी असो वा नसो, गोष्ट बोलकी आहे. १८०३ च्या सुमाराला काम सुरू झालं. आराखडा मद्रासच्या लष्करी इंजिनिअर सॅम्युएल रसेलचा, पैसा निजामाच्या खजिन्यातला आणि वर माथ्यावर चिन्ह ईस्ट इंडिया कंपनीचं.

याच काळात कर्कपॅट्रिकने खैरुन्निसाशी निकाह लावला. ती दरबारातल्या मीर आलमच्या नात्यातली, उच्च घराण्यातली, वय जेमतेम चौदा-पंधरा. या लग्नावरून कलकत्त्यापर्यंत गदारोळ झाला, गव्हर्नर जनरलने चौकशी लावली. तिच्यासाठी कोठीच्या मागच्या बाजूला रंगमहाल बांधला गेला. तिथे बाग, पाण्याचे हौद आणि भिंतीआडचं जग. ती पडद्यात राहणारी. पुढच्या पायऱ्यांकडे, त्या खांबांकडे ती कशी येणार? म्हणून म्हणे नवऱ्याने कोठीची एक छोटी प्रतिकृती तिच्या बागेत उभी करून दिली. आपल्याच घराचा दर्शनी भाग तिने बाहुलीच्या घरासारखा पाहिला. ही प्रतिकृती पुढे खूप काळ टिकली. लोक तिच्याकडे प्रेमाची निशाणी म्हणून पाहतात. मला मात्र तिच्यात घराची वाटणीही दिसते. पुढचं कामाचं, मागचं बाईचं.

त्यांना दोन मुलं झाली. १८०१ साली मुलगा, साहिब आलम आणि १८०२ साली मुलगी, नूरुन्निसा. १८०५ साली, मुलगा साडेचार वर्षांचा आणि मुलगी तीन वर्षांची असताना, दोघांना विलायतेला पाठवण्यात आलं. त्या काळी इंग्रज बापाच्या मुलांचं तसंच व्हायचं. मद्रासला जहाज निघण्याआधी जॉर्ज चिनरी या चित्रकाराने दोघांचं चित्र काढलं. दोघंही हैदराबादी दरबारी पोशाखात, दागदागिने घातलेले, पायऱ्यांवर उभे. विलायतेत त्यांची नावंसुद्धा बदलली. तो विल्यम झाला, ती कॅथरीन, म्हणजे किटी.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्कपॅट्रिक कलकत्त्याला वारला. म्हणजे अवघ्या काही महिन्यांत खैरुन्निसाची मुलंही गेली आणि नवराही. तेव्हा ती एकोणीस वर्षांच्या आसपास होती. मुलं तिला पुन्हा कधीच दिसली नाहीत. १८१३ साली, सत्ताविसाव्या वर्षी, ती गेली. तोवर कोठीत हेन्री रसेल रेसिडेंट म्हणून बसला होता. हा पूर्वी तिच्या नवऱ्याच्या हाताखाली काम करायचा.

‘व्हाइट मुघल्स’ हे पुस्तक २००२ साली आलं आणि ही जोडी जगभर प्रसिद्ध झाली. तेव्हापासून कोठीला प्रेमाचा महाल म्हणायची चाल पडली आहे. प्रेम होतंच, कुणी नाही म्हणत नाही. पण ज्या आईची तीन वर्षांची लेक जहाजात बसवली गेली, तिच्या घराला नुसता प्रेमाचा महाल म्हणायला माझी जीभ वळत नाही.

लेकीची गोष्ट मात्र पुढे आहे. मोठेपणी किटी रसेलच्या विलायतेतल्या घरी गेली, तेव्हा तिथे भिंतीवर तिला ते लहानपणीचं चित्र दिसलं आणि ती रडू लागली. रसेलने पुढे ते चित्र मृत्युपत्रात तिच्याच नावे केलं. १८४१ च्या सुमारास तिला कळलं, की हैदराबादला तिची आजी, शरफुन्निसा, अजून हयात आहे. मग नात इंग्रजीत लिहायची आणि आजी फारसीत. रेसिडेन्सीतलाच एक अधिकारी मधला दुवा झाला. १८४७ साली आजी वारली तोवर हा पत्रव्यवहार चालला. दोघींची भेट मात्र झाली नाही.

यानंतर कोठीतली माणसं बदलत गेली आणि तिचा धाक वाढत गेला. फौजेच्या खर्चाची थकबाकी निजामाला फेडता येईना. तेव्हा १८५३ साली इंग्रजांनी त्याच्याकडून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब लिहून घेतला. धाराशिव आणि रायचूर १८६० साली परत मिळाले, वऱ्हाड नाही. म्हणजे अमरावती-अकोल्याचा कारभार पन्नास वर्षं या कोठीच्या देखरेखीखाली चालला. १९०२ साली वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने, वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर, इंग्रजांकडे गेलं. वऱ्हाडातल्या आपल्या माहेरवाशिणींना हे सांगितलं तर नवल वाटतं.

१७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी लोक जमवून कोठीवर हल्ला केला. आवाराच्या भिंतीलगत सावकारांची घरं होती, त्यांतली दोन ताब्यात घेऊन तिथून गोळीबार केला. हल्ला फसला. मौलवींना अंदमानला पाठवलं, तुर्रेबाज खान मारला गेला. मग कोठीभोवती बुरूज आणि भक्कम तटबंदी आली. आणि १८६० साली रंगमहाल पाडला गेला. साहेबाच्या घरामागे देशी बेगमेचा महाल असणं आता नव्या साहेबांना शोभेनासं झालं होतं. बाग, प्रतिकृती, एखादी कमान एवढंच राहिलं.

तटाबाहेर मात्र वस्ती फुलत होती. रेसिडेन्सी बाजारात निजामाचा नव्हे, इंग्रजांचा अंमल. त्यामुळे गुजराती, मारवाडी सावकार-व्यापारी तिथे येऊन स्थिरावले, त्यांत आपले जैनही. निजामी हद्दीत ज्या गोष्टींना अडथळे होते, त्यांना इथे थोडी मोकळीक मिळे. १९०१ साली तेलुगू लोकांचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम याच बाजारात सुरू झालं. जवळच जांबागला १९०७ पासून आपल्या मराठी मंडळींची विवेकवर्धिनी. परक्याच्या सावलीत आपली भाषा जपावी लागावी, हेही त्या काळाचं एक सत्य. १९३३ साली हा बाजार निजामाला परत मिळाला आणि त्याचं नाव सुलतान बाजार झालं.

कोठीचे जुने फोटो पाहिलेत तर त्यांतले काही लाला दीनदयाळांचे असतात. हे जैन घराण्यातले, इंदूरला नोकरी करता करता फोटोग्राफी शिकलेले आणि पुढे सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास पडदानशीन बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तो सांभाळायला एक इंग्रज बाई होत्या. खैरुन्निसाच्या वेळी असं काही असतं तर तिचाही चेहरा आज आपल्यापुढे असता.

१९४७ साली शेवटचे साहेब गेले. १९२४ पासून नामपल्लीच्या मुलींच्या शाळेत सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठाचं महिला कॉलेज १९४९ साली या कोठीत आलं. तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता. आमच्या ओळखीच्या एक काकू नांदेडहून रात्रभराच्या गाडीने काचीगुड्याला उतरायच्या आणि ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन कॉलेजात यायच्या. त्या म्हणायच्या, “अगं, त्या सिंहांच्या मधून वर चढताना पदर सावरायचा की पुस्तकं, हेच कळायचं नाही!” मीही याच कॉलेजातून बी.ए. झाले. इतिहासाच्या तासाला तैनाती फौज शिकले. पण ती ज्या घरातून चालली त्याच घराच्या आवारात आपण बसलो आहोत, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी वाचत गेले तेव्हा कळलं.

पुढे मुख्य इमारत मोडकळीला आली. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या मदतीने तिची दुरुस्ती झाली. कॉलेजचं आता महिला विद्यापीठ झालं आहे आणि २०२४ साली त्याला चाकली ऐलम्मांचं नाव देण्यात आलं. ऐलम्मा परीट समाजातल्या. तेलंगणाच्या शेतकरी लढ्यात आपल्या जमिनीसाठी त्या देशमुखाविरुद्ध उभ्या राहिल्या. राजाच्या पैशाने, साहेबाच्या हुकमाने बांधलेल्या घराच्या फाटकावर आज धुणं धुणाऱ्या बाईचं नाव आहे.

तुमच्यापैकी कुणी हैदराबादला आलात तर सुलतान बाजारातली खरेदी आटोपून तिथे जरूर जा. खांब पाहा, सिंह पाहा. पण नंतर मागे वळसा घालून बागेकडेही जा. ते घर समजायचं असेल तर तिथूनच सुरुवात करावी लागते.