सोमवारची धाप ते कबुतरांची धूळ



लालबाग-परळच्या छातीच्या आजारांचा इतिहास हा बराचसा धुळीचा इतिहास आहे. आधी धूळ कापसाची होती, आता कबुतरांची आहे. दोन्ही वेळा निदानाला मदत करणारा प्रश्न एकच: "सुट्टीत बरं वाटतं का?"

१० जून १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांना यश आलं आणि मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराची खूण या सुट्टीशीच जोडलेली आहे. एक दिवस आराम मिळाला की सोमवारी कामावर परतल्यावर छाती आवळते, धाप लागते. आजार वाढला की मग रोजच त्रास होतो. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये या आजाराचा अभ्यास केला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, आणि ती धूळही गेली.

कबुतरांमुळे होणारा आजार वेगळा. १९६५ मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स रीड आणि सहकाऱ्यांनी कबुतरं पाळणाऱ्यांच्या फुफ्फुसांतला हा आजार नोंदवला. वाळलेली विष्ठा आणि पिसांवरची भुकटी श्वासातून आत जाते. काही लोकांची प्रतिकारशक्ती त्यातल्या प्रथिनांवर तुटून पडते आणि फुफ्फुसांतल्या वायुकोशांना सूज येते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा जंतुसंसर्ग नाही, एकापासून दुसऱ्याला होत नाही, आणि कबुतरांजवळ राहणाऱ्या प्रत्येकाला होतो असंही नाही. पण ज्याला होतो, त्याच्या फुफ्फुसांत संपर्क चालूच राहिला तर कायमचे व्रण पडू शकतात. ते पुसता येत नाहीत.

आता ही कबुतरं आपल्या खिडकीत का येतात? त्यांचे रानटी पूर्वज कड्यांच्या कपारीत घरटी करत. उंच इमारतीचा डक्ट, एसीच्या युनिटमागची फट, न वापरलेली बाल्कनी या त्यांच्यासाठी कपारीच. शिवाय शहरात दाणे आयते मिळतात. दादरचा कबुतरखाना मुळात १९३३ मध्ये कारंजं म्हणून बांधला होता, पुढे तिथे दाणे टाकले जाऊ लागले. जुलै २०२५ मध्ये शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे आदेश निघाले. ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्यावरून आंदोलनही झालं. भूतदया आणि आरोग्य यांचा तो वाद तुम्हाला ठाऊक आहेच. पण तुमच्या खिडकीतलं घरटं त्या निकालाची वाट पाहत नाही.

मग काय करावं?

१. घरट्यात अंडी किंवा पिल्लं नाहीत ना, ते आधी पाहा. कबुतर बहुधा दोन अंडी घालतं. ती साधारण १८ दिवसांत उबतात आणि पिल्लं पुढच्या महिन्याभरात उडतात. ती उडाली की लगेच घरटं काढा, कारण तीच जोडी पुन्हा अंडी घालते.

२. कोरडा झाडू कधीही मारू नका. आधी पाणी शिंपडून सगळं भिजवा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, घाण पिशवीत बांधून टाका, मग जागा धुऊन पुसून घ्या. खोकला, दमा किंवा फुफ्फुसाचा आजार असलेल्याने हे काम करू नये. त्या वेळी घरातही थांबू नये.

३. त्यानंतर जाळी ताणून बसवा. आत पक्षी अडकलेला नाही याची खात्री करा. सैल जाळीत पक्षी गुरफटतात. फटी बुजवा. डक्टसाठी सोसायटीने एकत्र काम करावं, नाहीतर कबुतर एका खिडकीतून शेजारच्या खिडकीत जातं.

४. विष घालू नका, ते क्रूर आहे. पकडून दूर सोडण्याचाही उपयोग नाही, कबुतर घरी परततं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पक्षी गेले तरी त्यांची प्रथिने घरातल्या धुळीत अनेक महिने राहू शकतात. म्हणून पडदे, गाद्या, एसीचे फिल्टर हेही स्वच्छ करा.

कोरडा खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला, जिना चढताना दम लागू लागला, कारण नसताना वजन घटलं किंवा अधूनमधून ताप येत राहिला, तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा. तपासणीत कबुतरांचा उल्लेख स्वतःहून करा. गणपतीला गावी गेल्यावर खोकला कमी होतो का, तेही सांगा. मात्र गावी गेल्यावर फरक पडला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. जुनाट आजारात ही खूण पुसट होते. खोकला टिकला तर टीबीची तपासणीही करावी लागते. गरजेनुसार सीटी स्कॅन आणि फुफ्फुसांच्या क्षमतेची चाचणी करतात.

औषधांनी सूज उतरते. पण धूळ तिथेच राहिली तर आजार परततो. गिरणीतल्या कामगाराला पोटासाठी ती धूळ सोसावी लागली. आपल्या खिडकीतली धूळ हटवणं मात्र आपल्या हातात आहे.