कळ, बोट आणि आवाज

विषयाचे नाव ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात. यंत्राच्या कळीला कसला आला आहे इतिहास? परंतु गेल्या शतकाचा इतिहास ज्या कागदांवरून लिहावयाचा, त्यांतील फार मोठा भाग कुणीतरी बोटांनी कळा ठोकून तयार केलेला आहे. त्या बोटांना काय जाणवत होते, हा प्रश्न म्हणून आम्हांस इतिहासाचाच वाटतो.

‘टंक’ म्हणजे दगड फोडण्याची टाकी. ‘टंकलेखन’ हा शब्द ज्याने योजिला, त्याने यंत्राचे मर्म नेमके ओळखले होते. 1868 साली शोल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेटंट घेतलेल्या व 1874 पासून रेमिंग्टनने बाजारात आणलेल्या यंत्रात कळ दाबली की तरफ उचलली जाई आणि धातूचा खिळा शाईच्या फितीवरून कागदावर आदळे. कॅरेज एक घर पुढे सरके. चार कार्बन प्रती हव्या असतील, तर घावही तसाच जोरकस हवा. मराठी यंत्राची गंमत आणखी निराळी. तेथे अनेक अक्षरे अर्धी उमटवून काना वेगळा जोडावा लागे. आणि उकार-मात्रांच्या काही कळा अशा की त्या दाबल्यावर कॅरेज हलतच नसे. त्यांचा आवाज वेगळा पडे. मुरलेला टंकलेखक कागदाकडे न पाहता कानांनीच आपली चूक ओळखी.

1955 साली गोदरेजने हे यंत्र भारतात तयार केले. 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात स्थान मिळाले आणि मिनिटाला तीस शब्दांचे प्रमाणपत्र हे अनेक गरीब घरांतील मुलामुलींच्या दृष्टीने नोकरीचे दार ठरले. नाशकात न्यायालयाच्या आसपास मांडलेली टंकलेखकांची टेबले आणि टंकलेखनाच्या वर्गाच्या जिन्यापर्यंत ऐकू येणारा तो खडखडाट आम्हांस अजून आठवतो. तो आवाज म्हणजे कित्येकांच्या भाकरीचा आवाज होता. 2009 साली गोदरेजने उत्पादन थांबविले. पुढील दहा वर्षांत शासकीय परीक्षाही संगणकावर गेली.

आता नव्या कळीकडे वळू. 1983 च्या सुमारास जर्मनीतील चेरी कंपनीने संगणकासाठी जी कळ काढली, तिच्या पुढे तीन जाती झाल्या. एक दाबताना ‘टिक्’ म्हणते. दुसरी आवाज न करता मध्येच किंचित अडते. तिसरी सरळरेषी, ती ना बोलते, ना अडते. आत एक स्प्रिंग आणि एक सरकता दांडा. जितके दाबावे तितका विरोध समप्रमाणात वाढतो. लाल खुणेच्या कळीला सुमारे 45 ग्रॅम भार पुरतो. दोन मिलिमीटरवर अक्षर उमटते आणि चार मिलिमीटरवर तळ लागतो. पेटीच्या पट्टीवर बोट टेकविणाऱ्याला हा स्पर्श परका वाटणार नाही.

आम्ही जुन्या यंत्रावर शिकलेलो. अशा कळफलकाशी प्रथम बसलो, तेव्हा रात्रीच्या शांततेत प्रत्येक अक्षरागणिक ‘टक् टक्’ होऊन घर जागे झाले. कळ सदोष आहे, असे वाटले. वस्तुतः अक्षर केव्हाच उमटलेले असे. आवाज होता तो आमचे बोट विनाकारण तळावर आदळल्याचा. यंत्र गप्प होते, आमची सवय बोलत होती. पूर्वी काम झाल्याची ग्वाही यंत्र देत असे; सरळरेषी कळ ती जबाबदारी बोटावर सोपविते. हलका हात शिकण्यास आम्हांस काही महिने लागले.

म्हणून नवी कळ हीन, असे आम्ही म्हणत नाही. जुन्या यंत्राने बोटे दुखत, पाठ धरे. त्या श्रमांचे गोडवे ते श्रम न केलेल्याने गाऊ नयेत. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. पांडवलेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आजही बोटांनी चाचपता येतो. जुन्या खरेदीखताची पाठ चाचपली, तर तेथेही टंकाचे घाव हाताला लागतात. कुणाचा हात जड, कुणाचा हलका, तेही कळते. नव्या कळीचा घाव कोठेच उमटत नाही.

तेव्हा ज्यांची बोटे त्या यंत्रांवर झिजली, ती माणसे आपल्यात आहेत तोवर त्यांना बोलते करावे, त्यांच्या हातचा तो आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा. 1840 पासून सार्वजनिक वाचनालय चालविणाऱ्या ह्या नगरीला एक चालते मराठी यंत्र जतन करणे जड जाऊ नये. कागद आपण जपतोच. ज्या हातांनी तो लिहिला, त्यांचीही नोंद त्याच्या शेजारी असावी.